माझ्या नावाने गेलेला नकार मी वाचलेलाच नसतो. तुमच्याकडेही असंच आहे का?

मधली_खुर्ची

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. प्रश्न थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

मी नऊ वर्षं भरतीच्या कामात आहे. आधी एजन्सीत होते, गेली पाच वर्षं एका कंपनीच्या आतल्या टीममध्ये रिक्रूटर आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे अर्जांच्या छाननीसाठी एआय टूल आलं. त्याआधी माझ्याकडे एका वेळी बारा जागा असायच्या, आता बावीस असतात. पूर्वी एका जागेला दोनशेच्या आसपास अर्ज यायचे, आता आठशे-नऊशे येतात, कारण अर्ज करणाऱ्यांकडेही तीच साधनं आहेत आणि एका बैठकीत पन्नास ठिकाणी अर्ज टाकता येतो.

आमच्या एटीएसमध्ये, म्हणजे आलेले अर्ज साठवून त्यांचा माग ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक नावापुढे एक गोल दिसतो. हिरवा, पिवळा किंवा लाल, आणि आत आकडा. 75 च्या वर हिरवा, 50 च्या खाली लाल. लाल यादी पानापानाने येते, एका पानावर पन्नास नावं. वरच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो. त्यावर टिक केली की पन्नासच्या पन्नास निवडली जातात आणि खाली बटण येतं, 'नकार निश्चित करा'. कागदोपत्री ही छाननी माणसाने केलेली असते, आणि तो माणूस म्हणजे मी.

नकाराचे मेल रात्री एकदम सुटतात, माझ्या नावाने, माझ्या सहीसकट. गेल्या महिन्यात सकाळी इनबॉक्स उघडला तर एका अर्जदाराचं उत्तर आलेलं होतं. त्याला मेल गेला होता रात्री 2:13 ला, त्याचं उत्तर 2:20 चं. लिहिलं होतं, "इतक्या रात्रीही तुम्ही अर्ज वाचत बसलेल्या आहात, हे बघून बरं वाटलं. निवड झाली नाही तरी कुणीतरी नीट वाचलं, त्याबद्दल आभार."

मी त्याचा अर्ज शोधून काढला. आमच्याकडे प्रत्येक अर्जाच्या उजव्या बाजूला 'शेवटचं कुणी उघडलं' असा रकाना असतो. नाव आणि वेळ येते त्यात. त्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. म्हणजे आमच्याकडे कुणीच तो अर्ज एकदाही उघडलेला नव्हता.

मी उत्तर लिहायला घेतलं, तीनदा खोडलं. शेवटी पाठवलंच नाही. तेव्हापासून ती रेघ डोळ्यांसमोरून हलत नाही.

तासांची माझी तक्रार नाही. मी पूर्वीपेक्षा लवकर घरी जाते. पण घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. नवरा विचारतो, आज काय झालं, आणि मला सांगण्यासारखं काही सापडत नाही. पूर्वी सापडायचं. सकाळी मी तीस-चाळीस रेझ्युमे शांतपणे वाचायची. त्यातून मला कितीतरी कामं कळली. बॉयलरची देखभाल करणारा माणूस रात्रपाळीत नेमकं काय बघतो, गोदामाचा हिशेब कुठे चुकतो, तीन वर्षं नोकरी सोडून घरातलं आजारपण काढलेली बाई परत येताना स्वतःबद्दल किती संकोचून लिहिते. मुलाखतीची वेळ ठरवायला फोन करायचे, तर पाच मिनिटांच्या त्या फोनवर माणूस सांगून टाकायचा की त्याला खरं तर नोकरी का सोडायची आहे. या सगळ्याला आमच्याकडे 'रटाळ काम' म्हणाले आणि ते काढून घेतलं. माझा श्वास तिथे चालायचा, हे ते गेल्यावर कळलं.

आता दिवसभर उरतं ते असं: हायरिंग मॅनेजरशी वाद, पगाराची ओढाताण, तीन फेऱ्या पार करून आलेल्याला नाही म्हणणं, आणि व्हिडिओ मुलाखतीत समोरच्यावर संशय घेणं. हे शेवटचं तर मला फार लागतं. प्रश्न विचारला की दोन-तीन सेकंद शांतता. मग त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकायला लागतात. मी उत्तर ऐकतच नाही, डोळे बघत राहते. तो खरंच विचार करत असेल तर? मी त्याच्यावर अन्याय करते आहे का?

भरीला माझेही गुण निघतात. कॉल रेकॉर्ड होतो आणि टूल सांगतं की मी 58 टक्के वेळ बोलले आणि माझ्या आवाजातली 'आपुलकी' दहापैकी 6.1 होती.

तर विचारायचं होतं, हे फक्त माझंच होतंय की इतरांचंही? आणि ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी कामाच्या रचनेत नेमकं काय बदललं? सुट्टी, व्यायाम, ध्यान सगळं करून झालं आहे. सुट्टीपुरता फरक पडतो, सोमवारी ती यादी समोर आली की पुन्हा तेच.

---

नोंदवही

तुला तू म्हटलं तर चालेल ना? माझी या कामात चोवीस वर्षं झाली, त्या हक्काने म्हणते.

फक्त तुझंच होत नाहीये. मला हे तुझ्याआधी झालं आणि मी वर्षभर ते वयावर ढकललं.

मी सुरुवात केली तेव्हा अर्ज कागदावर यायचे. मग जॉब पोर्टलं आली, अर्जांचा पूर आला, तेव्हाही आम्ही रडलोच. पण त्या पुरात चाळणी माझ्या हातात होती. कुठला अर्ज बाजूला ठेवायचा, कुणाला नुसतं उत्सुकतेपोटी फोन करायचा, हे मी ठरवायचे. कामाच्या ताणावर रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये एक मांडणी केली, ती मला इथे तंतोतंत लागू वाटते. त्यांचं म्हणणं असं की नुसता कामाचा बोजा माणसाला मोडत नाही. बोजा भरपूर आणि स्वतःच्या हातात ठरवायला काहीच नाही, हे दोन्ही एकत्र आलं की माणूस खचतो. तुझे तास कमी झाले तरी तू थकतेस, त्याचं कारण इथे आहे असं मला वाटतं.

दुसरं, ते 'रटाळ काम'. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रणांबद्दल लिहून ठेवलं आहे की यंत्राला जे जमतं ते यंत्राकडे जातं आणि माणसाकडे उरतं ते तुकड्यातुकड्यांचं, यंत्राला न जमलेलं, अवघड काम. त्यातून रोजचा सराव सुटतो, म्हणून नेमक्या अडचणीच्या वेळी माणसाची नजर चालत नाही. मी स्वतः हे अनुभवलं. टूल आल्यावर दीड वर्षाने एका मॅनेजरने मला विचारलं, "या पिवळ्यांमधला कोण बघण्यासारखा आहे?" आणि मला एकदम घाम फुटला. मला कळेनाच. वीस वर्षं जी गोष्ट मी डोळे झाकून सांगायचे, ती सांगता येईना. त्या रात्री मी खूप रडले.

मी काय केलं ते सांगते. दर मंगळवारी सकाळी साडेनऊ ते अकरा मी लाल यादीतले वीस अर्ज वाचते. वरून वीस घेत नाही, नावांच्या यादीतून कुठूनही उचलते. आकडा दिसू नये म्हणून त्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवते. हो, स्क्रीनवर. वाचून होईपर्यंत माझं मत वहीत लिहिते, मगच पट्टी काढते. कॅलेंडरवर ती वेळ 'गुणवत्ता तपासणी' म्हणून अडवली आहे, त्यामुळे त्यात कुणी मीटिंग टाकत नाही. हे चौदा महिने चालू आहे. नजर परत आली. सगळी आली असं नाही म्हणणार, पण आली.

---

वेळेचं_गणित

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझ्यासाठी ही साधनं वरदान ठरली. पाच जणांच्या पॅनलची एक मुलाखत जुळवायला मला सतरा-अठरा मेल लागायचे. एकाने वेळ बदलली की सगळं मुळापासून. मुलाखतीच्या नोंदी रात्री जेवणानंतर टाइप करायचे, मनगटाला पट्टा बांधून. आज कॅलेंडर आपोआप जुळतं, नोंदींचा कच्चा मसुदा तयार मिळतो, मी तो दहा मिनिटांत सुधारते. मुलाखतीत आता मी खाली मान घालून लिहीत नसते, समोरच्याकडे बघते. माझ्या मुलीला माझ्या संध्याकाळी परत मिळाल्या. हे मी कुणालाही परत देणार नाही.

तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. बारा जागांच्या बावीस झाल्या, हे वाक्य. ताई, त्या टूलने केल्या का? कुणीतरी माणसाने बसून ठरवलं की वाचलेला वेळ तुम्हाला द्यायचा नाही, त्यावर आणखी दहा जागा चढवायच्या. आमच्याकडेही तोच प्रयत्न झाला होता. आमच्या टीम लीडने तीन महिन्यांचा तक्ता मांडला: जागा किती, प्रत्येक जागेला माणसाने खरोखर उघडलेले अर्ज किती, जॉइनिंगच्या दिवशी न आलेले किती. जागा वाढल्या तसे न येणारे वाढत गेले होते. तो तक्ता बघून वरच्यांनी आकडा चौदावर आणला. भावनांवर ते हलले नसते, न येणाऱ्यांच्या आकड्यावर हलले.

संशयाबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. हा काही आपला भ्रम नाही. अमेरिकेच्या एफबीआयने जून 2022 मध्येच इशारा दिला होता की दुसऱ्याची ओळख चोरून, डीपफेक चेहरा लावून लोक दूरस्थ नोकऱ्यांच्या मुलाखती देत आहेत. पण ती पहारेदारी रिक्रूटरने का करायची? आमच्याकडे ओळख पडताळणी सुरक्षा विभाग मुलाखतीआधी वेगळी करतो. मी मुलाखतीत बसते तेव्हा तो प्रश्न संपलेला असतो. आणि वाचून उत्तर देणाऱ्याचं म्हणाल, तर मी आता एकच करते. त्यांनी सांगितलेल्या कामातली एखादी बारीक गोष्ट धरते आणि विचारते, "हे बिघडलं त्या दिवशी तुम्ही सगळ्यात आधी कुणाला फोन केला?" ज्याने काम केलंय तो लगेच सांगतो. डोळ्यांकडे बघायची गरज पडत नाही.

---

मधली_खुर्ची

नोंदवही, तू म्हटलंस तर छानच वाटलं. आणि मनगटावरचा पट्टा मीही वापरला आहे, त्यामुळे राग कसला. नोंदींचं टूल माझंही आवडतं आहे, ते मी लिहायला हवं होतं. जागांचा मुद्दाही खरा. मी दोन वर्षं टूलवर चिडत होते आणि ज्या मीटिंगमध्ये बावीसचा आकडा ठरला, त्या मीटिंगमध्ये मी गप्प बसून होते.

पण जागा कमी झाल्या तरी माझा सल पूर्ण जाईल असं वाटत नाही. का, ते सांगते.

मागच्या गुरुवारी एका अर्जदाराचा फोन आला. माझा नंबर त्याला जुन्या सहकाऱ्याकडून मिळाला होता. बोलणं अगदी सभ्य. म्हणाला, "मॅडम, वाद घालायला फोन केला नाही. फक्त एवढंच सांगा, माझ्या अर्जात तुम्हाला काय कमी वाटलं? म्हणजे मी ते सुधारीन."

मी म्हणाले, "तुमच्यापेक्षा जास्त जुळणारे उमेदवार मिळाले." हे वाक्य तोंडातून इतकं सहज गेलं की माझी मलाच भीती वाटली. तो बोलत असतानाच मी त्याचं नाव टाकून अर्ज उघडला. 38, लाल. शेजारी टूलने रेझ्युमेमधून उचललेला मजकूर दिसतो, त्यात एकूण अनुभव 0 वर्षं. मूळ पीडीएफ उघडली तर अकरा वर्षांचा अनुभव, सलग, तोही आम्हाला हव्या त्याच कामाचा. त्याने रेझ्युमे दोन रकान्यांत मांडला होता. डावीकडे कौशल्यं, उजवीकडे नोकऱ्या. टूलने ओळ सरळ आडवी वाचली होती, त्यामुळे प्रत्येक नोकरीच्या तारखेच्या मध्ये एखादं कौशल्य घुसलं होतं आणि एकही तारीख त्याला तारीख म्हणून कळली नव्हती.

ती जागा आठ दिवसांपूर्वी भरली होती.

मी त्याला सांगितलं की रेझ्युमे एका रकान्यात करा. तो म्हणाला, "एवढंच?" आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

मी त्याच्याशी खोटं बोलले. आणि खरं काय ते मला फोनवर, त्याच्या बरोबरीनेच कळत होतं. बावीसऐवजी बारा जागा असत्या तरी सहीचा प्रश्न राहतोच ना? ज्या निर्णयात मी नव्हते त्याचं उत्तर माझ्याकडे मागतात, आणि ते मागण्यात त्यांची काही चूक नाही.

---

कलम_बावीस

मी अनुपालनाच्या, म्हणजे कंपनी कायदे-नियम पाळते का हे बघण्याच्या बाजूने काम करतो, भरती करणारा नाही. पण तुमचा सहीचा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे म्हणून लिहितो.

तुम्हाला जे जाणवतंय त्याला अभ्यासात नाव आहे, 'मॉरल क्रम्पल झोन'. ते मॅडेलिन क्लेअर एलिश या मानववंशशास्त्रज्ञ संशोधक बाईंचं. मोटारीला पुढे एक भाग असतो, धडक बसली की तो चेपतो आणि आतला माणूस वाचतो. एलिश यांनी 2019 च्या लेखात दाखवलं की स्वयंचलित यंत्रणेचा अपघात झाला की तिच्याजवळ बसलेल्या माणसाचं तेच होतं. त्याच्या हातात नियंत्रण फारसं नसतं, पण दोष तो शोषून घेतो आणि यंत्रणा शाबूत राहते. तुमची सही त्या चेपणाऱ्या भागाचं काम करते आहे.

कायद्याचं म्हणाल तर युरोपात जीडीपीआरचं, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचं, कलम 22 हे मे 2018 पासून लागू आहे. माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने घेतलेला असेल, तर अपवाद वगळता तशा निर्णयाच्या कचाट्यात न सापडण्याचा हक्क त्याला आहे. कंपन्या यावर म्हणायच्या, 'आमच्याकडे शेवटचं बटण माणूस दाबतो.' मग 7 डिसेंबर 2023 ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने एका जर्मन पतमापन कंपनीच्या खटल्यात निकाल दिला. ज्या आकड्यावर पुढचा माणूस मुख्यत्वे विसंबून निर्णय घेतो, तो आकडा काढणं हाच स्वयंचलित निर्णय ठरू शकतो, असं त्यात म्हटलं. खटला कर्जाचा होता, पण तुमच्या लाल गोलाशी त्याचं नातं उघड आहे. पन्नास नावांवर एक टिक म्हणजे तपासणी झाली, हे म्हणणं आता सोपं राहिलेलं नाही.

युरोपचा एआय कायदा 1 ऑगस्ट 2024 पासून अमलात आला. त्याने भरतीतल्या एआयला जास्त जोखमीच्या गटात टाकलं आहे, त्या गटाची बंधनं टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. त्यातली एक गोष्ट मला तुमच्यासाठी महत्त्वाची वाटते. देखरेख करणाऱ्या माणसाला प्रशिक्षण हवं, क्षमता हवी आणि अधिकारही हवा, असं त्यात लिहिलेलं आहे. यंत्राच्या उत्तरावर आंधळा विश्वास बसण्याची माणसाची सवय ओळखून, ते उत्तर बाजूला सारण्याची मुभा त्याला हवी. तुम्हाला अधिकार आहे का? पन्नासपैकी एखादं नाव तुम्ही लालमधून काढून मुलाखतीला पाठवलं, तर तुमच्याकडे खुलासा मागतात का? हे नक्की विचारा.

'आपुलकी 6.1' बद्दल: आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून कर्मचाऱ्याच्या भावना ताडणाऱ्या यंत्रणांना कामाच्या ठिकाणी युरोपात 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण सोडून. तुमची कंपनी कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि लिहूही नका. पण तिचा युरोपाशी काही व्यवहार असेल तर हे वाक्य विधी विभागाला पाठवा. नसेल तरी पाठवा. दुसरीकडे जी गोष्ट बंद केली आहे ती आपण का चालवतो, एवढा प्रश्न पुरे होतो.

---

एकशे_चाळीसावा_अर्ज

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा आहे. सात महिने नोकरी शोधतोय. हो, मीही एआयने अर्ज लिहितो. पहिले चाळीस मी स्वतः लिहिले होते, प्रत्येकाला दोन-दोन तास देऊन. त्यातल्या एकतीस जागांकडून होही आलं नाही आणि नाहीही. मग मी दोन तास देणं थांबवलं.

तुमची पोस्ट वाचून आधी मला तुमचा राग आला. मग दुसऱ्यांदा वाचली. पलीकडे कुणाला या गोष्टीचा त्रास होत असेल असं मला सात महिन्यांत एकदाही वाटलं नव्हतं.

एक विनंती आहे. रात्री 2:20 ला उत्तर लिहिणारा तो माणूस. त्याला उत्तर द्या. महिना झाला असला तरी द्या. त्याच्या मनात असं बसलं असेल की माझा अर्ज कुणीतरी नीट वाचला आणि मी कमी पडलो. हे जास्त वाईट आहे, ताई. वाचलाच नाही हे कळलं तर निदान पुढच्या अर्जात तो स्वतःला कमी लेखणार नाही.

---

मनाचा_दवाखाना

कामाच्या ठिकाणचा समुपदेशक म्हणून एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आयसीडी-11 या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली. आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. तिची तीन अंगं आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपण काही नीट करू शकतो हा विश्वास उणावणं. तुमच्या लिहिण्यात पहिलं आणि तिसरं ठळक दिसतं. दुसरं मला दिसलं नाही. ज्याचं मन कामापासून तुटलेलं असतं तो आडव्या रेघेसाठी झोप घालवत नाही. म्हणून नोकरी सोडायचा निर्णय लगेच घेऊ नका, कामाची रचना बदलण्याला आधी संधी द्या. मात्र घरी बोलावंसं न वाटणं, आवडीच्या गोष्टींतही मन न लागणं, झोप बिघडणं हे सुट्टीतही टिकून राहिलं तर डॉक्टरांना भेटा. ते मग फक्त कामाचं नसेल.

---

मधली_खुर्ची

तीन आठवड्यांनी परत येते आहे. सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा.

एकशे_चाळीसावा_अर्ज, दादा, तुमची पोस्ट वाचली त्याच रात्री त्याला लिहिलं. आधी त्याचा अर्ज नीट वाचला, सगळा, त्याने जोडलेल्या कामाच्या नमुन्यांसकट. मग लिहिलं की 2:13 चा मेल यंत्रणेने पाठवला होता, तेव्हा तुमचा अर्ज मी वाचलेला नव्हता, आज वाचला. त्या जागेला लागणारा एक परवाना तुमच्याकडे नाही, त्यामुळे निवड तशीही झाली नसती, पण तुमचं दुसऱ्या पानावरचं काम मला आवडलं आणि ते पहिल्या पानावर हवं. पाठवताना हात थरथरत होता. नोकरीवर गदा येईल का, हेही मनात आलं. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं, एकाच ओळीचं: "कळवलंत, बरं केलंत." आभार वगैरे नव्हते त्यात. मला ते बरोबर वाटलं.

ऑफिसात तीन गोष्टी मागितल्या. जागा कमी करा, यावर 'पुढच्या तिमाहीत बघू' असं उत्तर मिळालं, म्हणजे नाहीच. वेळेचं_गणित, तुम्ही सांगितला तसा तक्ता मी सुरू केला आहे. तीन महिन्यांचे आकडे हातात आले की पुन्हा जाईन, या वेळी गप्प बसणार नाही. आपुलकीचे गुण विधी विभागाने पाच दिवसांत बंद केले. मी फक्त तो एक प्रश्न पाठवला होता.

तिसरी मागणी सहीची होती. त्यावर बराच वाद झाला. मॅनेजरचं म्हणणं, नाव असलं की मेल आपुलकीचा वाटतो. मी म्हटलं, म्हणूनच नको. शेवटी असं ठरलं की ज्या अर्जाच्या रकान्यात आडवी रेघ आहे, त्याचा नकार 'भरती विभाग' या नावाने जाईल आणि त्यात स्पष्ट लिहिलं जाईल की प्राथमिक छाननी स्वयंचलित आहे, माणसाकडून फेरतपासणी हवी असल्यास इथे कळवा. माझं नाव फक्त मी उघडलेल्या अर्जावर. पहिल्या आठवड्यात फेरतपासणीच्या एकोणीस विनंत्या आल्या. सगळ्यांना भीती होती की हजार येतील.

आणि नोंदवही, तुझा मंगळवार मी उचलला. माझा बुधवार आहे. आज तिसरा झाला. स्क्रीनवर पट्टी लावून वीस वाचले, त्यातले चार दोन रकान्यांचे निघाले, चौघांचाही अनुभव टूलला शून्य दिसत होता. यादी करून टूल पुरवणाऱ्यांना पाठवली आहे. त्या चौघांतल्या एकीला दुपारी फोन केला. गोदामाचं काम केलेली बाई. माल उतरवताना मोजणी कुठे चुकते ते तिने मला दहा मिनिटं समजावून सांगितलं. रात्री घरी गेल्यावर मी ते नवऱ्याला सांगितलं.

एक विचारायचं राहिलं. वाचताना तुझं मत तू वहीत लिहितेस म्हणालीस. एटीएसमध्ये शेऱ्याचा रकाना असताना वहीत का? मला शंका येते ती अशी. ॲमेझॉनने 2014 पासून बनवलेलं छाननीचं एक टूल दहा वर्षांच्या जुन्या रेझ्युमेंवर शिकलं होतं आणि बायकांशी संबंधित शब्द दिसला की गुण कमी करत होतं, हे रॉयटर्स वृत्तसंस्थेने 2018 मध्ये छापलं होतं. म्हणजे आपण पूर्वी ज्यांना निवडलं, त्यावरून ते शिकतं. मग मी शेऱ्यात जे लिहीन, तेही उद्या कुणाच्या तरी गुणांत जाऊन बसेल का? आमच्याकडे तिघांना विचारलं, तिघांनी वेगवेगळी उत्तरं दिली. तू याच कारणासाठी वही ठेवलीस, की सवयीने? तोवर मी शेऱ्यात फक्त 'वाचला' एवढंच लिहिते आहे, खाली तारीख आणि माझं नाव.